नैरोबीला चाललीयेस ना, मग आधी 'फुंगा दिरिशा' शिकून घे

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की वय चोवीस, बीएड झालंय, नैरोबीत एका शाळेत तीन महिने व्हॉलंटियर म्हणून चाललीयेस, घरच्यांनी गूगल केलं आणि 'नैरॉबरी', म्हणजे नैरोबी अधिक रॉबरी, हा शब्द वाचल्यापासून आईचं अन्नावरून मन उडालंय, आणि खरं सांगायचं तर तुझ्याही पोटात गोळा आलाय. मोबाईल गेला तर काय, कुणी चाकू दाखवला तर काय, आणि एवढ्या लांब आपलं म्हणायला कुणी भेटेल का. बरोबर ना?

मी सांगलीची, फिजिओथेरपिस्ट. २०१२ ला पहिल्यांदा गेले सहा महिन्यांसाठी, नैरोबीतल्या कावांगवारे वस्तीच्या बाजूला सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचं एक छोटं सेंटर होतं तिथे. मग जातच राहिले, कधी दोन महिने कधी चार, आणि गेली काही वर्षं भारतातून जी नवीन पोरंपोरी येतात त्यांचा पहिला आठवडा माझ्याकडे असतो, म्हणजे बाजार दाखवणं, सिमकार्ड घेऊन देणं, रस्ता ओलांडायला शिकवणं असलं सगळं. एवढ्या काळात मला तीनदा लुटलंय. दोनदा मोबाईल, एकदा सुरी दाखवून पिशवी. तीनदा म्हटलं की लोक डोळे मोठे करतात, पण आमच्या सासूबाईंचं मंगळसूत्र विश्रामबागेत स्वतःच्या गेटसमोरून मोटरसायकलवाल्याने ओढून नेलं होतं, त्यामुळे आमच्या घरी स्कोअर फार काही एकतर्फी नाहीये.

पहिली चोरी सांगते, सविस्तरच सांगते, कारण त्यात मी काय काय चुकले ते सगळं आहे.

दुसराच आठवडा होता. दुपारचे साडेतीन-चार, न्गाँग रोडला जाम, मी मटाटूत खिडकीशी. मटाटू म्हणजे आपलं वडाप गं, चौदा सीटची टोयोटा, आत गाणी फुल्ल आवाजात आणि दाराला लटकलेला कंडक्टर, ज्याला तिकडे कोंडा म्हणतात. खिडकी अर्धी उघडी कारण आत कोंदट झालेलं, आणि मी मांडीवर पर्स, हातात फोन, नवऱ्याला मेसेज टाइप करतेय की इथे सगळं छान आहे उगाच काळजी करू नका. कोंडा माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, फुंगा दिरिशा." मला वाटलं भाडं मागतोय. मी पन्नासची नोट दिली. त्याने घेतली, उरलेले परत दिले, आणि पुन्हा तेच म्हणाला, यावेळी खिडकीकडे हनुवटी करून. मी छान हसून मान डोलावली आणि परत टायपिंग. मिनिटभरात बाहेरून एक हात आत आला. तो हात मला अजून दिसतो, मनगटाला केनियाच्या झेंड्याच्या रंगाचं मण्यांचं कडं होतं. हिसडाबिसडा काही नाही, लहान पोराच्या हातातून आपण कात्री काढून घेतो ना तसा अलगद फोन गेला, आणि माझी बोटं तशीच टाइप करण्याच्या पोझिशनमध्ये राहिली.

मामा म्हणजे तिकडे आई, बाई. फुंगा म्हणजे बंद कर. दिरिशा म्हणजे खिडकी. तो बिचारा दोनदा सांगत होता.

शेजारी एक बाई बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत कोबीचा गड्डा. ती "पोले, पोले साना" म्हणाली आणि माझ्या अंगावरून हात घालून आधी खिडकी लावली. पोले हा शब्द तुला दिवसातून वीसदा ऐकू येईल. त्याचा अर्थ सॉरी असा सांगतात पण तो तसा नाही, तुझी चूक माझी चूक असा प्रश्नच त्यात नसतो. ठेच लागली पोले, ताप आला पोले, कुणी गेलं पोले, जड ओझं घेऊन चाललीयेस तरी पोले. ती बाई पुढच्या स्टेजला, म्हणजे मटाटूच्या थांब्याला, माझ्याबरोबर उतरली, तिचा स्टॉप नव्हता तो. मला एका एमपेसाच्या, म्हणजे मोबाईलवरच्या पैशांच्या, टपरीवर नेलं, स्वतःच्या फोनवरून कंपनीला फोन लावला आणि माझं सिम ब्लॉक होईपर्यंत वीसेक मिनिटं होल्डवर उभी राहिली, कोबी काखेत. मला तर सिम ब्लॉक करायचं सुचलंच नव्हतं, मला फक्त फोनचं दुःख होतं. जाताना एका पावतीच्या मागे तिचा नंबर लिहून दिला. ती पावती कुर्त्याच्या खिशात राहिली आणि धुण्यात गेली. तिला फोन करायचा राहिला तो राहिलाच.

आता यातून तुझ्या कामाचं काय. सिम का महत्त्वाचं, तर तिकडे सगळा पैसा फोनवर चालतो. एमपेसा २००७ ला सुरू झालं, आपल्याकडे यूपीआय यायच्या कितीतरी आधी, आणि भाजीवालीपासून शाळेच्या फीपर्यंत सगळं त्याच्यावर. म्हणजे एका अर्थी चांगलं आहे, कॅश बाळगावी लागत नाही, पण फोन गेला की पाकीटही गेलं असं समजायचं. एमपेसाचा पिन आणि फोनच्या स्क्रीनचा पिन वेगवेगळा ठेव, वाढदिवसाची तारीख नको. सिमलाही पिन टाक. एमपेसात एका वेळी आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेव. भारतातलं सिम, ज्याच्यावर बँकेचे ओटीपी येतात, ते रस्त्यावर नेणाऱ्या फोनमध्ये ठेवूच नकोस. एक साधा बटणांचा फोन तिकडेच घे, तो बाहेर न्यायचा, स्मार्टफोन शक्यतो घरी आणि शाळेत. पोरं हे ऐकतात आणि मला जुन्या जमान्यातली समजतात, मग महिन्याभरात त्यांतला एखादा येतो, काकू तो बटणांचा फोन कुठे मिळतो म्हणून.

मटाटूत खिडकीची सीट टाळ, नाहीतर काच लाव. अगदी पुढची ड्रायव्हरशेजारची सीट बायकांना चांगली असं काहीजण म्हणतात, मला ती आवडत नाही, जाममध्ये तिथली खिडकी सगळ्यात सोपी. जाममध्ये गाड्यांमधून शेंगदाण्याच्या पुड्या, चार्जर, झेंडे विकणारे फिरत असतात, ते चोर नाहीत हे लक्षात ठेव, उलट त्यांच्यातलाच एखादा काचेवर टकटक करून तुला फोन आत घे म्हणून खुणावेल. मला दोनतीनदा खुणावलंय.

दुसरी वेळ जास्त वाईट होती. त्याच ट्रिपमधली, तिसरा महिना.

आमच्या बिल्डिंगला एक वॉचमन होते, तिकडे अस्कारी म्हणतात, पश्चिम केनियातल्या काकामेगाकडचे, लुह्या जमातीचे गृहस्थ, साठीचे. मी त्यांना म्झे म्हणायचे, म्हणजे आपलं काका-आजोबा यांच्या मधलं काहीतरी, आदराने. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बजावलं होतं, सा कुमी ना म्बिली नंतर पायी बाहेर पडायचं नाही. मी नुकतीच आकडे शिकले होते, मोठ्या उत्साहात मनात भाषांतर केलं, कुमी ना म्बिली म्हणजे बारा. म्हटलं रात्री बारानंतर कोण बोंबलत फिरतंय, आणि विषय सोडून दिला.

पावणेसातला दूध आणायला निघाले. दुकान कोपऱ्यावर, दोनशे पावलं. बाहेर मिट्ट काळोख. हे एक आपल्याला माहीत नसतं, नैरोबी विषुववृत्ताच्या जवळ आहे, तिथे बारा महिने साडेसहाच्या आसपास सूर्य बुडतो आणि आपल्यासारखी रेंगाळणारी संध्याकाळ नसतेच, दिवा घालवावा तसा अंधार होतो. दोन पोरं आली. एक असेल सोळा-सतराचा. हातात साधी भाजी चिरायची सुरी, मुठीला दोरा गुंडाळलेला. तो म्हणाला, "पेसा." आणि तुला सांगते, माणसाचं डोकं कसं चालतं बघ, त्या क्षणीसुद्धा मला वाटलं अरे हा तर मराठीत बोलतोय. मी कापडी पिशवी तशीच त्याच्या हातात दिली. आठशे शिलिंग, किल्ल्या आणि माझी वही, ज्याच्यात मुलांच्या व्यायामाची सगळी मापं लिहिलेली. पळाले.

द्यायचं. यात दुसरं मत नाही. वाद घालायचा नाही, ओढाताण नाही, त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही, हात सावकाश हलवायचे, आणि जे मागतील ते द्यायचं. सुरी धरणारा बहुतेक वेळा तुझ्याइतकाच घाबरलेला असतो आणि घाबरलेल्याच्या हातातली सुरी जास्त वाईट. यासाठीच मी बाहेर पडताना वरच्या खिशात पाचशे-हजार शिलिंग वेगळे ठेवते, चटकन देता येतील असे. आमच्या इंडक्शनमध्ये त्याला दक्षिणा म्हणतात.

परत आले तर म्झे गेटवर. मला बोलता येईना, त्यांनी काही विचारलं नाही, स्वतःचं स्टूल दिलं, थर्मासमधला चहा दिला, तिकडचा चहा आपल्यासारखाच दूध घालून उकळलेला असतो, साखर जरा जास्तच. अर्धा कप सांडला माझ्या हातून. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, तुला सांगितलं होतं ना बारानंतर नको. मी म्हटलं अहो पण आत्ता कुठे सात वाजतायत. तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळाच्या छोट्या काट्यावर बोट ठेवलं आणि बोट सरळ समोरच्या आकड्यावर सरकवलं. स्वाहिलीत वेळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला. संध्याकाळचे सहा म्हणजे बारा. काटा जिथे असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा, झालं. आपल्या आजीआजोबांना हे लगेच कळलं असतं, सूर्योदयापासून घटका मोजणारी माणसं ती.

तर बघ, दोन्ही वेळा मला आधीच कुणीतरी सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्याचा त्यात काडीचा फायदा नव्हता. तू विचारतेस चांगली माणसं भेटतील का. भेटतील काय, ती चोराच्या आधी भेटतात, आपल्याला त्यांचं बोलणं कळत नाही एवढंच. म्हणून मी नवीन लोकांना सेफ्टीचे पॉइंट देण्याआधी चाळीस-पन्नास स्वाहिली शब्द घोकून घेते, आणि फुंगा दिरिशा पहिलं. अर्ध्याहून जास्त शब्द कानाला परके वाटत नाहीत. हबारी म्हणजे खबर, गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान, बिमा म्हणजे विमा, चपाती तर चपातीच.

त्या पिशवीचं पुढे काय झालं तेही सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरचा एक बोडाबोडावाला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, गेटवर आला. हातात माझी वही आणि किल्ल्या, गटारात सापडल्या म्हणाला, वहीवर सेंटरचा शिक्का होता म्हणून विचारत विचारत आला. मी पैसे काढले, त्याने घेतले नाहीत. थोडा घुटमळला आणि म्हणाला, तुम्ही पोरांचे पाय बघता ना, माझ्या बहिणीचा मुलगा तीन वर्षांचा झाला अजून बसत नाही. तो मुलगा मग सेंटरवर यायला लागला, येईल तसा, आई कामावर असली की दोन-दोन आठवडे गायब, आणि वर्षभराने ते लोक नाकुरूला गेले तेव्हा तो भिंतीला टेकून नीट बसत होता. कुलूप मात्र मी बदललं. किल्ल्या परत मिळाल्या तरी कुलूप बदलायचं, हे लिहून ठेव, चांगुलपणा वेगळा आणि कुलूप वेगळं.

तिसरी चोरी किरकोळ. २०१६, टॉम म्बोया स्ट्रीट, गावातली सगळ्यात गजबजलेली गल्ली, तिकडच्या बाजूला मटाटूंचे स्टेज आहेत आणि आपल्या दादरच्या रानडे रोडला दिवाळीत असते तशी गर्दी. सॅक पाठीवर, वरच्या कप्प्यात फोन, माझीच अक्कल. धक्का लागला, वळून बघितलं तर कप्पा उघडा आणि एक पोरगा वाट काढत चाललेला. आणि माझ्या तोंडून जोरात निघालं, "चोर! चोर!" चार वर्षं स्वाहिली बोलत होते, पण ऐनवेळी मराठीच आलं. कुणालाच कळलं नाही, दोघातिघांनी वळून बघितलं आणि चालू लागले. पोरगा गेला.

माझ्याबरोबर सेंटरची नर्स होती. ती पांढरीफटक पडलेली, मला आधी वाटलं फोनसाठी. मग चहाला बसल्यावर म्हणाली, बरं झालं तुला तो शब्द सुचला नाही.

तो शब्द म्हणजे म्वीझी, चोर. हा एकच शब्द असा आहे जो मी शिकवते आणि सांगते की रस्त्यात कधीही ओरडायचा नाही. कारण तो ऐकला की गर्दी जमते आणि गर्दी पोलिसांची वाट बघत नाही. मी एकदा एका स्टेजवर बघितलंय, लांबून, फोन चोरला म्हणून एका पोराला. दगड होते. पुढचं लिहीत नाही. लोकांचा पोलिसांवर विश्वास नाही, कोर्टात काही होत नाही, स्वतःच्या कष्टाचा फोन गेलेला असतो, हे सगळं खरं, पण तुझ्या बारा-पंधरा हजाराच्या मोबाईलसाठी कुणाचा जीव जाऊ शकतो आणि तो तुझ्या एका ओरडण्याने, हे डोक्यात पक्कं बसव. आणि त्या गर्दीत माणूस चुकीचाही असू शकतो. मदत हवी असेल तर जवळच्या दुकानात शीर, बँकेच्या किंवा सुपरमार्केटच्या दारात गार्ड असतो त्याच्याकडे जा. जीवावर बेतलं तर ओरड, जरूर ओरड, पण मदत माग, "साइदिया" म्हण.

चोरीपेक्षा फसवणूक जास्त होते नवीन लोकांची. गावात फिरताना एखादा सभ्य, छान इंग्रजी बोलणारा तरुण भेटेल, मी शेजारच्या देशातून आलेला निर्वासित विद्यार्थी, एक चहा पाजाल का. गप्पा मस्त मारतो. तू थोडे पैसे देतेस, तो जातो, आणि दोन मिनिटांत साध्या कपड्यातले 'पोलीस' येतात, तुम्ही आत्ता एका गुन्हेगाराला पैसे दिलेत, दंड भरा नाहीतर चला. जुना डाव आहे, अजून चालतो. त्यांच्याबरोबर कुठेही जायचं नाही, गाडीत बसायचं नाही, आयडी मागायचं आणि सरळ म्हणायचं की गणवेशातला पोलीस असेल त्या चौकीत चालत जाऊ, किंवा समोरच्या हॉटेलच्या लॉबीत बसू, मी ऑफिसला फोन करते. एटीएम मॉलच्या आतलं, दिवसा. अंधार पडल्यावर अ‍ॅपची टॅक्सी, गाडी येईपर्यंत आत उभं राहायचं आणि नंबरप्लेट बघूनच बसायचं.

सोनं नेऊ नकोस. आपल्याकडे कुणी सांगत नाही पण भारतीय म्हणून तुझ्याकडे लोक थोडं वेगळ्या नजरेने बघतील. गोऱ्याला म्झुंगू तसं आपल्याला मुहिंदी. १८९६ ते १९०१ मध्ये इंग्रजांनी मोम्बासापासून रेल्वे टाकली तेव्हा तीस हजारांच्या वर मजूर हिंदुस्थानातून नेले, त्यांतले काही राहिले, त्यांच्या मागून दुकानदार गेले, आणि आज नैरोबीत तीन-चार पिढ्या राहिलेले भारतीय वंशाचे लोक आहेत, बहुतेक गुजराती आणि पंजाबी. २०१७ मध्ये सरकारने त्यांना केनियाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. पण सामान्य माणसाच्या डोक्यात मुहिंदी म्हणजे दुकानाचा मालक, पैसेवाला, नोकराशी तुटक बोलणारा. हे प्रत्येकाला लागू नाही पण चित्र तसं आहे, आणि काही वेळा ते आपल्या लोकांनी कमावलेलंही आहे. मला पार्कलँड्समधल्या दोन-तीन घरी फार प्रेमाने जेवायला बोलवायचे, ढोकळा काय, कढी काय, आणि प्रत्येक वेळी सल्ला एकच, बेन तुम्ही त्या वस्तीत जाता कशाला, आम्ही इथे जन्मलो आम्ही नाही जात. त्यांची काळजी खरी होती. पण मी त्यांचं ऐकून कंपाउंडच्या आत बसले असते तर माझी वही कुणी परत आणली असती?

म्हणजे असं बघ, रस्त्यावरची सुरक्षितता ही बऱ्यापैकी ओळखीतून येते. ती कशी करायची तर काही ग्रेट करायचं नाही. रोज एकाच वाटेने सकाळी जायचं, आणि नमस्कार आपण आधी करायचा. तिकडे हबारी न विचारता थेट कामाचं बोलणं म्हणजे उद्धटपणा. भाजी रोज एकाच मामा म्बोगाकडून, म्हणजे भाजीवालीकडून. माझी जी होती ती सुकुमा विकी, म्हणजे त्यांची ती रोजची हिरवी पालेभाजी, जुडीची सुरळी करून हातातल्या हातात पातीएवढी बारीक चिरून द्यायची, पाटबिट काही नाही, बोटं कशी वाचायची देव जाणे. वर दोन टोमॅटो जास्तीचे टाकायची, त्याला न्योंगेझा म्हणतात, आपली भाजीवाली कढीपत्ता-कोथिंबीर वर टाकते तसं. पिशवी आपली न्यायची, २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिकडे कडक बंदी आहे. महिन्याभरात तिला माझी यायची वेळ पाठ झाली. एकदा मला ताप होता, दोन दिवस गेले नाही, तर तिसऱ्या दिवशी तिने पोराला गेटवर पाठवलं, मुहिंदी बरी आहे का बघून ये. आणि सुरीवाल्या प्रकारानंतर तिने मला भर रस्त्यात असं झापलंय की आमच्या आईनेही कधी झापलं नसेल.

ओळख झाली की लोक पैसे मागतील, हेही सांगून ठेवते. फी, औषध, भाडं. बहुतेक वेळा गरज खरी असते. सुरुवातीला मी द्यायचे, मग माझी झोप उडाली कारण कुणाला दिले कुणाला नाही याचा हिशेब राहिना. आता मी रोख देत नाही, सेंटरमार्फत काही होत असेल तर करते, आणि नाही म्हणताना कारणं रचत नाही. नाही म्हटल्यावर एकानेही बोलणं टाकलेलं नाही.

चोरी झाल्यावर जे मनात होतं त्याबद्दल कुणी बोलत नाही. सुरीनंतर तीन आठवडे मला मागून पावलं ऐकू आली की घाम फुटायचा. त्याहून वाईट म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा कुठलाही मुलगा दिसला की मी पिशवी घट्ट धरायचे, आणि आमच्या सेंटरवर त्या वयाचे चार मदतनीस होते. एकाने ते बघितलं. काही बोलला नाही, फक्त त्यानंतर माझ्या मागून येताना लांबूनच काहीतरी गुणगुणत यायचा, मला कळावं म्हणून. मला इतकी लाज वाटली. 'हे लोक असेच' हे वाक्य तुझ्याही मनात येईल, आलं तर स्वतःला शिव्या देत बसू नकोस, घाबरलेलं डोकं असंच बोलतं, पण त्याच्यावर विश्वासही ठेवू नकोस. दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी त्याच रस्त्याने कुणालातरी सोबत घेऊन जा. मी चार दिवस घरात बसले, ते चार दिवस वाया गेले आणि भीती दुप्पट झाली. झोप लागत नाही, तेच तेच डोळ्यापुढे येतंय असं महिनाभर राहिलं तर मात्र कौन्सेलरशी बोल, भारतातल्या कुणाशी व्हिडिओवर बोललीस तरी चालेल.

कागदपत्रांचं पटकन. पासपोर्ट कुलपात, बाहेर रंगीत झेरॉक्स, स्कॅन ईमेलवर. इमर्जन्सी नंबर ९९९ किंवा ११२. काही चोरीला गेलं तर पोलीस स्टेशनला नोंद करायची, तिकडच्या नोंदवहीला ओबी म्हणतात, त्याचा नंबर घ्यायचा, आणि कागदपत्र गेलं असेल तर पोलीस अ‍ॅबस्ट्रॅक्ट नावाचा कागद मागायचा. फोन परत मिळेल म्हणून नाही, तर विमा आणि दूतावास दोघेही तोच मागतात. स्थानिक सहकाऱ्याला बरोबर ने. मी एकटी गेले होते तेव्हा 'चहा'साठी काही द्या असं सुचवलं गेलं, सहकारी बरोबर असताना तीच नोंद दहा मिनिटांत झाली. पासपोर्टच गेला तर भारतीय हाय कमिशन हारांबी अव्हेन्यूवर, अगदीच घाईत परत यायचं तर ते इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, एकदा भारतात परतण्यापुरतं. मोर्चे असतील त्या दिवशी गावात फिरकायचं नाही, २०२४ च्या जूनमध्ये फायनान्स बिलाविरुद्ध पोरं पार पार्लमेंटमध्ये घुसली होती, अश्रुधूर, गोळीबार सगळं झालं. शाळेतले शिक्षक आदल्या दिवशीच सांगतात उद्या येऊ नका म्हणून, त्यांचं ऐक.

आणि ज्या संस्थेतर्फे जातेस त्यांना आत्ताच विचार, विमानतळावर घ्यायला कोण येणार, रात्री दोन वाजता फोन केला तर कोण उचलणार, राहायच्या जागेला गार्ड आहे का, आधीच्या व्हॉलंटियरशी बोलू द्याल का. अजून एक, त्यांनी तुझ्याकडे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितलं का? मुलांबरोबर काम करायचंय आणि मागितलं नसेल तर मी दोनदा विचार करीन. कुणालाही विनाचौकशी पोरांमध्ये सोडणारी संस्था तुझी तरी काय काळजी घेणार.

आईचं काय करायचं विचारलं होतंस. तिला सांग, रोज रात्री साडेआठला फोन येईल. आपण त्यांच्यापेक्षा अडीच तास पुढे आहोत, म्हणजे तिकडे सहा वाजलेले असतील, अजून उजेड असेल आणि तू गेटच्या आत आलेली असशील. पहिले दोन आठवडे तू हे आईसाठी करशील. तिथल्या घड्याळात तेव्हा बारा वाजलेले असतात, हे मात्र तिला सांगू नकोस, उगाच घोळ होईल.